तसेच ठेवा

विनिफ्रेड ओल्सन, नेब्रास्का.
पहिल्या पत्रात नमस्कार नव्हता, एकच प्रश्न होता:
एकोणीसशे तीस साली मिलचा भोंगा
पहाटे किती वाजता व्हायचा, आणि कसा?
मी तेव्हा साखर पेठेतल्या छापखान्यात
लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासत होतो.
वेलांटी पहिली की दुसरी, एवढंच माझं जग.
अव्वाला विचारलं.
अव्वा म्हणाली, "कानात नाही रे, पोटात व्हायचा."
मी तसंच कळवलं.

त्या उत्तरावर बाई विमानात बसल्या.

पंच्याहत्तरचा जानेवारी, गड्ड्यावर पाळणे फिरत होते.
साठीची बाई, पायात पुरुषी बूट,
खांद्याला टेपरेकॉर्डर, विटेएवढा जड.
कडक भाकरी दातांनी मोडत स्वतःचं सांगायची,
जसं काही दुसऱ्याच कुणाचं:
बाप पोस्टमन. शाळेत भूगोल शिकवला वीस वर्षं.
त्रेचाळिसाव्या वर्षी पहिली कादंबरी,
माळरानावर रानरेड्यांची हाडं वेचून
गाडीभावानं विकणाऱ्या बायकांची.
मग रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांची, मग एका बुडालेल्या जहाजावरच्या आचाऱ्याची.
एकूण आठ. त्यातली पाच संपली
आणि पुन्हा कुणी छापली नाहीत.
"राजे मला जमत नाहीत," म्हणाली,
"राजांना काय जेवलात विचारायची लाज वाटते."

किल्ल्याची भिंत तिनं पावलांनी मोजली.
कन्ना चौकाजवळ आमच्या मामाच्या खड्डामागावर बसली,
बूट काढून पाय खाली सोडले,
आणि वहीत लिहिलं: खड्डा गार असतो. गुडघ्यापर्यंत.
मामा तेलुगूत हसला. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

मग अव्वा.
मार्शल लॉ लागला तेव्हा नऊ वर्षांची.
बापाची पांढरी टोपी भाकरीच्या फडक्यात दडवून
चौकातून शिपायांसमोरून चालत गेलेली.
बाईनं सगळं विचारलं. भाकरी कशाची,
फडक्याला गाठी किती, तहान लागली होती का.
शेवटी: परकर कुठल्या रंगाचा?
"कुणाला ठाऊक," अव्वा म्हणाली. "मळका होता."

सहा वर्षांनी पुस्तक आलं, समुद्रमार्गे, कोपरे चेपलेलं.
मी पेन्सिल घेऊनच वाचलं, सवय जात नाही.
दोन गल्ल्या चुकल्या होत्या,
तळं किल्ल्याच्या भलत्याच अंगाला गेलं होतं.
एकशे बाराव्या पानावर एक मुलगी
डाळिंबी परकरात चौक ओलांडत होती.
मराठी करून अव्वाला वाचून दाखवलं.
ती बराच वेळ विड्याचं पान पुसत राहिली.

त्यानंतर ज्याला त्याला सांगायची:
"डाळिंबी परकर होता माझा. नवा कोरा."
बापानं मंगळवार पेठेतून आणलेला, हेही पुढे आलं,
दुकानदाराचं नावसुद्धा.
मी एकदा म्हणालो, अव्वा, तू तर मळका म्हणाली होतीस.
"तेव्हा आठवत नव्हतं."

बाई गेल्याचं तिच्या भाचीनं कळवलं, चार ओळींत.
दुसऱ्या वर्षी अव्वा.
लक्ष्मी-विष्णूचा भोंगा त्याआधीच थांबलेला.

परवा अव्वाची वाकळ उसवायला काढली.
आतल्या थरात, कुजक्या कापसाला चिकटून,
हातभर परकराचं कापड निघालं. निळं.
बारीक चौकडा.
कुणाचा परकर, सांगायला आता कोणी नाही.
मावशा चार होत्या.

पुस्तक काढलं. पान एकशे बारा.
पेन्सिलीला टोक केलं,
'डाळिंबी'वर काट मारली, समासात 'निळा?' लिहिलं,
चहा ठेवला, तो उतू गेला.

मग त्या खोडलेल्या शब्दाखाली
एकेक टिंब देत गेलो,
छापखान्यात द्यायचो तशी.